क्रीडा पानवाल्यांनो, पोरांचा स्कोअर पण छापा की! नाशिकहून एक खुलं पत्र

नाशिकच्या सगळ्या पेपरांच्या क्रीडा डेस्कवरच्या मंडळींना, आणि जिल्ह्यातल्या खेळांच्या बातम्या फेसबुक-इन्स्टावर टाकणाऱ्या पेजवाल्यांनाही,

नमस्कार.

परवा एक बातमी वाचली. पेपरचं नाव घेत नाही कारण सगळीकडे साधारण अशीच असते. नाशिकच्या एका मुलीची राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत चमकदार कामगिरी. त्यात काय काय होतं सांगते. मुलीचं नाव, शाळेचं नाव, अकॅडमीचं नाव, दोन कोचची नावं, मुख्याध्यापिका, संस्थेचे अध्यक्ष, सरचिटणीस, आणि शेवटी ते ठरलेलं 'तिच्या यशाबद्दल सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे'. काय नव्हतं ते पण सांगते. कुठल्या वयोगटात खेळली ते नव्हतं, स्पर्धा कुठल्या लेव्हलची ते नव्हतं, किती मॅच जिंकली, कुणाला हरवलं, कुणाकडून हरली, स्कोअर काय, काहीच नव्हतं. चमकदार कामगिरी म्हणजे ती स्पर्धा जिंकली की सेमीला गेली की एक फेरी जिंकून दुसरीत हरली, हे मला ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळलं त्याचा तक्ता, शोधून काढावं लागलं. क्वार्टरफायनलला ६-४, ३-६, ६-७ ने हरली होती. काय मॅच झाली असेल ती! आणि बातमीत तिचा पत्ता नाही.

आधीच सांगते, माझ्या घरात आता कोणी टेनिस खेळत नाही, नाहीतर लगेच 'हिचीच मुलगी असणार' सुरू होईल. भाचा खेळायचा. त्याचे ड्रॉ आणि रँकिंगच्या पीडीएफ बघता बघता मला सवय लागली, पुढे तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, रॅकेट माळ्यावर गेली, माझी सवय मात्र गेली नाही. अजूनही आठवड्याला एकदा चहा घेऊन बसते आणि नाशिकची पोरं कुठे कुठे खेळली, काय झालं ते बघते. नातेवाईकांना हा वेडेपणा वाटतो. वाटू दे.

तर म्हणणं एवढंच आहे की ज्युनिअर टेनिसची बातमी देताना वयोगट, स्पर्धेची ग्रेड, फेरी, समोरचा खेळाडू आणि स्कोअर एवढं द्या. रँकिंग देणार असाल तर ते कुठलं आणि किती स्पर्धा खेळून आलेलं ते पण द्या. दोन ओळी लागतात. पाहुण्यांच्या यादीतली तीन नावं कमी केली की जागा होते.

लासलगावचा कांद्याचा भाव छापताना तुम्ही किमान, कमाल, सरासरी आणि आवक सगळं देता ना? कांदा चमकला एवढंच लिहिलं तर शेतकरी तुमच्या ऑफिसात येऊन बसेल. मग पोरांच्या बाबतीत का चालतं हे?

आता 'राष्ट्रीय' या प्रकाराबद्दल. ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या, म्हणजे एआयटीएच्या, ज्युनिअर स्पर्धा १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालच्या गटात होतात आणि त्यांच्या पायऱ्या असतात. टॅलेंट सिरीज, मग चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज आणि सगळ्यात वर नॅशनल्स. रँकिंगचे पॉइंट सगळीकडे मिळतात, देशभरातून कोणीही एन्ट्री टाकू शकतो, त्यामुळे टेक्निकली सगळ्याच ऑल इंडिया. पण शेजारच्या जिल्ह्यातली टॅलेंट सिरीज, जिथे कधी कधी ड्रॉमध्ये अर्ध्या जागी बाय असतो, म्हणजे समोर कोणी नाही म्हणून न खेळताच पुढच्या फेरीत, ती आणि दिल्ली लॉन टेनिस असोसिएशनच्या (डीएलटीएच्या) कोर्टवर होणारी फेनेस्टा नॅशनल्स, जिथे देशातली वरची सगळी पोरं येतात, या दोन्ही तुमच्याकडे 'राष्ट्रीय टेनिस स्पर्धा' याच नावाने छापून येतात. टॅलेंट सिरीज जिंकणाऱ्या पोराचं कौतुक करू नका असं अजिबात म्हणत नाहीये. बारा वर्षांच्या पोराने चार मॅच सलग जिंकल्या तर करायलाच पाहिजे. पण त्याच पोराने पुढच्या वर्षी नॅशनल सिरीजमध्ये क्वालिफाइंगच्या (पात्रता फेरीच्या) दोन मॅच काढून मेन ड्रॉ गाठला आणि पहिल्या फेरीत टॉप सीडकडून (पहिल्या मानांकिताकडून) ४-६, ५-७ असा हरला, तर ती जास्त मोठी गोष्ट आहे, आणि ती कधीच छापून येत नाही कारण त्यात कप नाही आणि फोटो नाही.

उलटंही होतं. पहिल्या फेरीत बाय, दुसऱ्या फेरीत समोरचा आलाच नाही म्हणून वॉकओव्हर, तिसऱ्या फेरीत समोरची मुलगी पहिल्या सेटमध्ये ३-३ असताना पाय मुरगळून रिटायर, म्हणजे मॅच अर्धवट सोडली. झाली की सेमीफायनल! पेपरात 'उपांत्य फेरीत धडक'. धडक कोणाला दिली? ड्रॉमध्ये बघितलं तर त्या बिचारीने धड एक सेटही पूर्ण खेळलेला नसतो. यात तिची काही चूक नाही, असं नशीब कुणालाही कधीतरी मिळतं, फक्त स्कोअर दिला असता तर वाचणाऱ्याला कळलं असतं. आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, नियमात तर हे बरोबर पकडलंय, बाय मिळाला आणि पहिलीच प्रत्यक्ष मॅच हरला तर पॉइंट पहिल्या फेरीत हरणाऱ्याचेच. त्यांना कळतं, आपल्याला का कळू नये?

रँकिंगबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

आपल्या नाशिकला बुद्धिबळाचं रेटिंग चांगलं कळतं. विदित गुजराथी आपला, २०१३ ला ग्रँडमास्टर झाला तेव्हापासून त्याचं रेटिंग २७०० च्या वर कधी गेलं, कधी खाली आलं हे गावातल्या पारावरही बोललं जायचं, आणि २०२४ ला बुडापेस्टला भारताने ऑलिम्पियाडचं सोनं जिंकलं त्या टीममध्ये तो होता तेव्हा तर विचारूच नका. बुद्धिबळात आपल्यापेक्षा कमी रेटिंगवाल्याकडून हरलात की रेटिंग उतरतं. प्रत्येक डाव मोजला जातो. त्यामुळे आपल्या लोकांना, आणि मला वाटतं तुमच्या डेस्कवरच्या मंडळींनाही, टेनिसचं रँकिंगही तसंच चालतं असं वाटतं. तसं ते चालत नाही.

आयटीएफचं ज्युनिअर रँकिंग म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांतल्या सगळ्यात चांगल्या सहा सिंगल्स निकालांचे पॉइंट, अधिक सगळ्यात चांगल्या सहा डबल्स निकालांच्या पॉइंटचा चौथा हिस्सा. बस. हरलेल्या मॅचचं काहीही वजा होत नाही. एक मुलगी वर्षात सात स्पर्धा खेळली आणि सहात चांगली खेळली, दुसरी पंचवीस खेळली, एकोणीस वेळा पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरली आणि सहा वेळा चांगली खेळली, दोघींचं रँकिंग सारखं येऊ शकतं. म्हणून म्हणते किती स्पर्धा खेळून आलंय ते लिहा. त्या आकड्यात बापाचा किती खर्च झाला ते पण दिसतं, पण तो विषय आज नको.

स्पर्धांची नावं आता सोपी झालीयेत, २०२३ पासून जे३०, जे६०, जे१००, जे२००, जे३००, जे५०० अशी, आणि तो आकडा म्हणजे सिंगल्स जिंकणाऱ्याला मिळणारे पॉइंट. ज्युनिअर ग्रँड स्लॅमला १०००. यापेक्षा सोपं काय असणार? 'जे३० स्पर्धेत विजेती' एवढं लिहिलं की ज्याला कळतं त्याला सगळं कळलं, ज्याला नाही कळत त्याला एकदा चौकटीत समजावून सांगा, दुसऱ्या वेळेपासून तो स्वतःच विचारेल, जे किती?

आता बातमी येते, 'जागतिक क्रमवारीत घसरण'. ही तर फारच अन्यायाची. समजा एखाद्या मुलीने मागच्या जानेवारीत जे३० जिंकली, ३० पॉइंट मिळाले. या जानेवारीत तिची दहावीची प्रिलिम, ती खेळली नाही. ५२ आठवडे झाले, ते ३० पॉइंट गेले. रँकिंग शे-दोनशेने खाली. ती एकही मॅच हरलेली नाही, ती घरात बसून भूमितीची प्रमेयं पाठ करतेय, आणि तुम्ही छापताय घसरण! तिच्या शाळेत वाचणार नाही का कोणी?

आणि याच्या बरोब्बर उलट म्हणजे नवीन वर्षातली 'मोठी झेप'. आयटीएफच्या ज्युनिअरमध्ये ज्या वर्षी १८ पूर्ण होतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खेळता येतं. म्हणजे दर जानेवारीला एक अख्खी बॅच यादीतून बाहेर पडते आणि खाली राहिलेले सगळेच्या सगळे आपोआप वर सरकतात. यात वरच्या यादीतले बरेच जातात कारण वरच्या यादीत मोठी पोरंच जास्त असतात. तर डिसेंबर ते जानेवारी तुलना करून झेप लिहायची म्हणजे वर्गातली दहा हुशार मुलं शाळा सोडून गेली आणि आपला बंड्या पहिल्या दहात आला, असं झालं. तुलना करायचीच तर मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी करा, किंवा त्याच वयाच्या, त्याच जन्मवर्षाच्या मुलांशी करा. २०१० सालच्या मुलींमध्ये ही कितवी? हा प्रश्न कामाचा आहे. जन्मवर्षाप्रमाणे चाळणी लावली की पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

मुळात रँकिंग कशासाठी असतं? एन्ट्रीसाठी. स्पर्धेला एन्ट्री टाकल्या की रँकिंगप्रमाणे ॲक्सेप्टन्स लिस्ट लागते, वरचे मेन ड्रॉमध्ये, त्याखालचे क्वालिफाइंगला, त्याखालचे अल्टरनेट म्हणून ताटकळत. कोण विथड्रॉ करतंय, आपला नंबर वर सरकतोय का, हे बघत बसणाऱ्या आया मी बघितल्यात, शेअर मार्केटवाल्यांना एवढं टेन्शन नसेल. कोण खेळायला आत येणार आणि कोणाला सीड मिळणार हे ठरवायचं, एवढंच त्या नंबरचं काम. कोण किती चांगलं खेळतं हे त्यात अंदाजेच दिसतं. लांबच्या कुठल्या तरी देशातली जे३० जिथे ड्रॉ हलका असतो तिथे जाऊन पॉइंट गोळा करणारे पण असतात, सगळ्यांना माहितीये, कोणी बोलत नाही. म्हणून कुणाला हरवलं हे महत्त्वाचं.

ज्यांना बुद्धिबळासारखं काही हवं असेल त्यांच्यासाठी यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग) आहे, १ ते १६.५ पर्यंतचं रेटिंग, मागच्या १२ महिन्यांतल्या जास्तीत जास्त ३० मॅचवरून काढतात आणि त्यात समोरचा किती चांगला होता आणि तुम्ही किती टक्के गेम घेतले ते मोजतात. म्हणजे बऱ्याच भारी खेळाडूकडून ४-६, ४-६ हरलात तर रेटिंग वाढू पण शकतं. अमेरिकेतल्या कॉलेजांचे कोच स्कॉलरशिप देताना हे बघतात. आयटीएफचा पण एक वर्ल्ड टेनिस नंबर आहे, ४० पासून १ पर्यंत, तिथे आकडा जितका कमी तितका चांगला. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, नाहीतर आकडा वाढला म्हणून कोणीतरी पेढे वाटायचं.

ज्युनिअर आणि सीनियर वेगळे, हेही कृपा करून. ज्युनिअर जागतिक क्रमवारीत अमुक नंबर याचा अर्थ एटीपी किंवा डब्ल्यूटीएमध्ये, म्हणजे पुरुष किंवा महिला व्यावसायिकांच्या यादीत, तो नंबर नाही. मथळ्यात फक्त 'जागतिक क्रमवारीत ८५०वा' लिहिलं की आजोबा लोकांना वाटतं पोरगा जोकोविचच्या यादीत लागला. आणि ज्युनिअर नंबरवरून भविष्य सांगायला तर जाऊच नका. युकी भांब्री २००९ ला ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनिअर जिंकला, ज्युनिअरमध्ये जगात एक नंबर होता, सिंगल्समध्ये त्याचं सीनियरचं सर्वोत्तम रँकिंग ८३, आणि दुखापतींनी छळल्यावर पुढे तो डबल्सकडे वळला. हे यश नाही का? आहेच, पण २००९ च्या मथळ्यांनी जे स्वप्न दाखवलं होतं ते वेगळं होतं. उलट यानिक सिनर ज्युनिअर रँकिंगमध्ये पहिल्या शंभरात कधी आलाच नाही, आणि २०२४ च्या जूनमध्ये एटीपीचा एक नंबर झाला. फेडररने १९९८ ला विम्बल्डन ज्युनिअर जिंकलं होतं म्हणून ज्युनिअर जिंकणं म्हणजे सगळं असं पण काही नाही, आणि काहीच नाही असं पण नाही. आपण निकाल नोंदवत जायचं, भविष्य ज्याचं त्याला घडवू द्यायचं.

स्कोअरमध्ये किती असतं याचं एक उदाहरण देते, आपल्या शेजारचं. ऋतुजा भोसले, श्रीरामपूरची. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्सला रोहन बोपन्नाबरोबर मिक्स्ड डबल्सचं सोनं. 'सुवर्णपदक' हा एक शब्द सगळ्यांनी छापला. पण फायनलचा स्कोअर बघा, २-६, ६-३, १०-४. पहिला सेट धुलाई झालेली, समोर तैपेईची जोडी, मग सेट परत आणला आणि तिसऱ्या सेटऐवजी होणाऱ्या दहा पॉइंटांच्या सुपर टायब्रेकमध्ये चारच पॉइंट दिले. त्या तीन आकड्यांत अख्खी दुपार आहे. ज्याने थोडं टेनिस बघितलंय तो हे वाचून गप्प बसूच शकत नाही, शेजाऱ्याला सांगतोच.

आणि हरलेल्या मॅचचं तर मी म्हणेन जास्त आहे. पुण्याचा मानस धामणे, २०२३ च्या जानेवारीत बालेवाडीला टाटा ओपनमध्ये वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या थेट एन्ट्रीवर) एटीपी मेन ड्रॉ खेळला, वय १५. मायकेल मोकडून २-६, ४-६. हरला ना? हो. पण दुसऱ्या सेटमध्ये चार गेम, जगातल्या पहिल्या सव्वाशेच्या आसपासच्या माणसाकडून, पंधराव्या वर्षी. किंवा कोइम्बतूरची माया राजेश्वरन, २०२५ ला मुंबई ओपनमध्ये, डब्ल्यूटीए १२५ ची स्पर्धा, क्वालिफाइंगपासून सुरू करून सेमीफायनलपर्यंत गेली, ती पण पंधराचीच, आणि सेमीत जिल टाइशमनकडून हरली जी पुढे स्पर्धाच जिंकली. या दोघांचं सगळ्यांनी छापलं कारण स्टेज मोठं होतं, मान्य. मग आपल्या कॉलेज रोड, पंचवटी, सातपूर, देवळालीच्या पोरांच्या छोट्या स्टेजवरच्या अशाच मॅच कोण छापणार? मुंबई-पुण्याचे पेपर तर नाहीच छापणार. तुम्हीच.

तुम्ही म्हणाल जागा नाही, माणसं नाहीत, एकच रिपोर्टर क्रिकेटपासून मल्लखांबापर्यंत सगळं बघतो. माहितीये मला, खरंच माहितीये. प्रेस नोट येते ती लागते, आणि प्रेस नोट लिहिणारा अकॅडमीचा माणूस असतो, त्याला स्कोअरपेक्षा अकॅडमीचं नाव जास्त वेळा यायला हवं असतं. त्याचं पोट आहे त्याच्यावर. पण तुम्ही नियम करू शकता की नाही, की स्कोअर आणि ग्रेड नसलेली टेनिसची नोट लागणार नाही? एकदा केला की आठवड्याभरात सगळे शहाणे होतील. त्यांच्याकडे स्कोअर असतोच. आणि पालकांना त्या कात्रणाची फाइल करायची असते, ॲडमिशनला, पुढे कधी स्पोर्ट्स कोट्याला उपयोग होईल म्हणून लॅमिनेट करून ठेवतात. मग त्या फाइलमध्ये 'चमक' लिहिलेली दहा कात्रणं असण्यापेक्षा दोन अशी असू देत ज्यात खरंच काय झालं ते लिहिलंय. कागद तपासणारा माणूस खेळातला निघाला तर तो पहिल्यांदा ग्रेडच विचारेल.

नावांचं पण बघा. आडनाव आधी, नाव नंतर, इंग्रजी ड्रॉवरून मराठीत उतरवताना जे काय होतं ते होतं, मुलीचा मुलगा झालेला मी वाचलाय. एकाच नावाची दोन पोरं एकाच वयोगटात असतात, एक नाशिकचा एक नागपूरचा, दुसऱ्याचा विजय आपल्याकडे साजरा झालेला आहे. एआयटीएचा प्रत्येक खेळाडूला रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो जुळवून बघितला की प्रश्न मिटला. नंबर छापायची गरज नाही, फक्त तपासा.

एका गोष्टीवर मी स्वतः दोन मनांची आहे ती म्हणजे अगदी लहान मुलांचं हरणं छापायचं का. बारा वर्षांखालचं पोर ०-६, १-६ हरलं आणि ते गावभर छापून आलं तर त्याला शाळेच्या व्हॅनमध्ये काय काय ऐकावं लागेल याची कल्पना आहे मला, आमच्या भाच्याने ऐकलेलं आहे. त्या वयात एकाची उंची सहा इंच जास्त असली तरी निकाल तिथेच ठरतो, खेळाचा संबंध नंतर. म्हणून माझं मत, १२ खालच्यांचे फक्त जिंकलेले सामने द्या, हरलेल्या पोराचं नाव गाळून, आपलं असो की परक्या गावचं. १४ च्या वर सगळं द्या, हार-जीत दोन्ही. चौदाव्या वर्षी रँकिंगच्या यादीत नाव असतंच, ड्रॉ नेटवर असतोच, लपवून काय उपयोग. तुमच्यातल्या कुणाला १६ ची रेषा बरी वाटत असेल तर तीही चालेल मला, पण एक रेषा ठरवा आणि पाळा. आणि कोणत्याही वयाच्या मुलाची सोसायटी, प्रॅक्टिसची जागा आणि वेळ छापू नका. 'रोज पहाटे साडेपाचला अमुक कोर्टवर एकटी सराव करते' हे वाचून मला तिच्या मेहनतीचं कौतुक वाटायच्या आधी पोटात गोळा येतो.

हे सगळं कोणासाठी, असं विचाराल. टेनिस बघणारे आपल्याकडे किती? खरं सांगायचं तर फार नाहीत. पण वाचायला मिळालंच नाही तर होणार कुठून? क्वालिफाइंग शनिवार-रविवार, मेन ड्रॉ सोमवारपासून, असं साधारण चक्र असतं, म्हणजे पोर जिंकत गेलं तर आठवडाभर शाळा बुडते आणि हरलं तर सोमवारी दुपारी बालेवाडीहून गाडी काढून नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या घालत रात्री घरी. अशा किती गाड्या दर सोमवारी नाशिकला परत येतात, आणि त्यातल्या एखाद्या गाडीत कोणीतरी टॉप सीडकडून तिसऱ्या सेटमध्ये ५-७ हरून झोपलेलं असतं. मंगळवारच्या पेपरात त्याच्या आजोबांना ते आकडे दिसले तर ते मित्रांना दाखवतील, मित्र विचारतील पुढची स्पर्धा कधी. रोटरीवाला कोणी वाचेल आणि विमानाच्या तिकिटाचं बघेल. यात मला काही फार मोठं क्रांतीबिंती दिसत नाही, चार लोक जास्त बघायला लागतील एवढंच.

माझ्याकडून करता येण्यासारखं एक आहे. नाशिक जिल्ह्यातल्या खेळाडूंचे त्या आठवड्याचे निकाल मी नाहीतरी बघतेच, वयोगट, ग्रेड, फेरी, समोरच्याचं नाव, स्कोअर अशा क्रमाने मराठीत टाइप करून पाठवू शकते. फायनल बहुतेक वेळा वीकेंडच्या आत उरकलेल्या असतात, म्हणजे रविवारी संध्याकाळी सातपर्यंत तुमच्या मेलवर. रँकिंगचा तक्ता महिन्यातून एकदाच, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याच्या आकड्यासकट आणि किती स्पर्धा त्यासकट. नाव नको, मानधन नको. रिटायर झालेल्या आणि वॉकओव्हरच्या मॅच वेगळ्या दाखवेन. पहिले काही आठवडे तुमच्याकडच्या कोणीतरी ड्रॉ उघडून माझं टायपिंग तपासावं अशी माझीच अट आहे, कारण आकड्यात एक चुकला की पोराची हार-जीत उलटी होते.

पेपरांना कॉलममध्ये बसेल असं हवं की सलग मजकूर चालेल ते कळवा. पेजवाल्यांनी फोटोवर टाकायला किती अक्षरं चालतात ते सांगा. आणि फॉन्ट युनिकोड चालतो की अजून श्रीलिपीच लागतं, तेवढं आधी सांगा, म्हणजे या रविवारपासून सुरू करते.

तुमची एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक